तेल पिणारं इंजिन

दुसरं महायुद्ध जिंकण्याचं श्रेय ज्या मोजक्या माणसांना द्यावं लागेल, त्यांत ज्ञानू हवालदारांचं नाव फार वर येतं. हे मत खुद्द हवालदारांचं होतं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. लढाईच्या सगळ्या काळात ते इराकात बसऱ्याजवळच्या एका लष्करी तळावर ट्रकांची देखभाल करत होते, आणि शत्रू त्या तळाच्या आसपासही कधी फिरकला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, अशी त्यांची खात्री होती.

माझी त्यांची ओळख झाली ती लढाई संपल्यानंतरच्या एका हिवाळ्यात, रहिमतपुरात. गूळ करणाऱ्या शेतकऱ्यांची तिथे एक लहानशी सोसायटी होती आणि मी तिचा कारकून होतो. लढाईत आम्ही कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या गाड्या बघितल्या होत्या. पेट्रोल मिळालं तर पेट्रोलवरच्या. सोसायटीने लष्कराच्या लिलावातून जुना डिझेल ट्रक आणला, तेव्हा तो बघायला औंधाहूनही माणसं आली. ट्रक चालवायला आणि दुरुस्त करायला एकच माणूस नेमायचा होता. हवालदार मुलाखतीला आले ते खाकी कपड्यांना कडक इस्त्री करून, आणि त्यांनीच अध्यक्षांना प्रश्न विचारले. नेमणूक तिथेच झाली.

ते उंच, वाळके, ताठ. मिशा कातरलेल्या. माणसांना ते नावाने कमी आणि हुद्द्याने जास्त ओळखत. गावात कुणाला कुठला हुद्दा मिळाला असता हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. देवळातला पुजारी लान्सनाईक, शाळेचे हेडमास्तर जमादार. सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब हे निवृत्त मामलेदार, म्हणून सुभेदार-मेजर. मला त्यांनी क्वार्टरमास्टरकडचा, म्हणजे पलटणीच्या कोठारातला, कारकून केलं होतं.

“क्वार्टरमास्टरचा कारकून लढाईत मरत न्हाई भाऊसाहेब,” ते म्हणायचे. “खरं मेलेल्यांच्या बुटांचा हिशेब त्योच ठेवतोय.”

यात कौतुक होतं की टोमणा, हे मी विचारलं नाही.

त्यांचा दिवस ‘फर्स्ट परेड’ने सुरू व्हायचा. गोदामासमोर ट्रक उगवतीकडे तोंड करून उभा. हवालदार आंघोळ करून, बूट चमकवून यायचे आणि बॉनेट उघडायचे. इंजिनाच्या कुशीत तेल मोजायची एक सळई असते. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात, त्यात ही सळई उतरलेली असते. ती बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि तेल कुठवर लागलं ते बघायचं. काम एवढंच. पण हवालदार ते अशा गांभीर्याने करायचे की रस्त्याने जाणाऱ्याने चपला काढाव्यात. सळईवर वरच्या बाजूला एक खूण होती. तेल त्या खुणेला भिडलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा. केसभर खाली दिसलं की डबा आणि नरसाळं हजर. मग ‘फुल!’ असं ओरडून ते टाच आपटायचे. साक्षीला मी.

“बघितलं न्हवं, भाऊसाहेब?”

“बघितलं.”

“काय बघितलं?”

“तेल.”

“तेल न्हवं. शिस्त बघितली तुमी.”

सळई त्यांची स्वतःची होती. लिलावातून ट्रक आला तेव्हा सळईच्या भोकात चिंधी कोंबलेली होती. हवालदारांनी घरी जाऊन ट्रंक उघडली आणि सळई घेऊन आले. बसऱ्याला ज्या ट्रकाची त्यांनी लढाईभर सेवा केली, तो शेवटी मोडीत निघाला. त्याची आठवण म्हणून त्यांनी सळई तेवढी मागून घेतली होती. बाकीचे लोक तिकडून गालिचे आणि खजूर घेऊन आले. सळई भोकात सहज गेली. हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मला आठवतं.

अडचण एकच होती. ट्रक तेल प्यायचा.

इंजिन म्हटलं की थोडं तेल जळणारच, हे मलाही सांगण्यात आलं होतं. पण या इंजिनाचं पिणं घरंदाज नव्हतं. सकाळी खुणेपर्यंत भरलेलं तेल संध्याकाळी खाली गेलेलं असायचं. मागून निळा, उग्र वासाचा धूर निघायचा. हवालदार सांगायचे, निळा धूर म्हणजे डिझेल जळायच्या जागी तेल शिरून जळतंय. इंजिनाच्या सांध्यासांध्यातून तेल पाझरायचं आणि गोदामासमोरची माती काळी पडली होती. चांगलं तेल तेव्हा सहज मिळत नसे. साताऱ्याला जाऊन, ओळखी काढून, एकेक डबा आणावा लागे.

एकदा बाजारच्या दिवशी आप्पासाहेबांनी सभा घेतली. विषय होता सहकार आणि यंत्रयुग. ट्रकाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र धोतरात त्याच्या मागच्या फळीजवळ उभे राहून बोलत होते. “यंत्र हा शेतकऱ्याचा नवा बैल आहे” या वाक्याला हवालदारांनी ठरल्याप्रमाणे इंजिन सुरू केलं. पुढची काही मिनिटं आप्पासाहेब दिसत नव्हते. आवाज येत होता. रेव्हेन्यू खात्यात हयात गेलेला माणूस धुरासाठी भाषण थांबवत नाही. धूर विरला तेव्हा ते समारोपाला आले होते आणि धोतराचा रंग बदलला होता.

तिथून पुढे हा प्रश्न यांत्रिक राहिला नाही.

हवालदारांनी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. आधी जाड तेल घालून बघितलं. मग इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. रिंगा झिजल्या की तेल वर चढतं, हे अगदी बरोबर होतं. पण जुन्या रिंगा हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले होते, कारण त्या फारशा झिजलेल्या नव्हत्या. नव्या घातल्या. इंजिन बंद केलं, बॉनेट पुसलं, सळई काढली, खुणेपर्यंत तेल भरलं, ‘फुल!’ झालं. ट्रक सुरू केला आणि कोरेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे पुन्हा निळा पडदा.

त्यांचे थोरले भाऊ सखारामदादा बाजाराला आले की गोदामापुढे थांबायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, “काय रं ज्ञान्या, टरक चालवतोस का गुऱ्हाळ लावलंस?”

“रिंगा बसायच्या हायत अजून, दादा. चार दिस जाऊ दे.”

“बैल बरा रं त्याच्यापरीस. कडबा खातो आन गप बसतो. ये घरला. नांगराला माणूस पायजेच हाय.”

“उद्या बघ तू, दादा.”

“तुझा उद्या बसऱ्यालाच ऱ्हायला, गड्या.”

दादा गेल्यावर हवालदार बराच वेळ बॉनेटवरचा नसलेला डाग पुसत होते. ते पलटणीत गेले तेव्हा जमीन दादांच्या हाताखाली गेली होती आणि परत आल्यावर त्यांना तिथे ओसरीवरची एक वळकटी तेवढी मिळाली होती. दादा वाईट नव्हते. धाकट्या भावाला जेवायला घालत आणि ते घातल्याचं रोज सांगत. ट्रक होता म्हणून हवालदार गोदामात राहत, स्वतःच्या मिळकतीचं खात आणि गावात हवालदार म्हणवले जात. ट्रक गेला तर ते पुन्हा ज्ञान्या होणार होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गुळाचा हंगाम ऐन भरात असताना आप्पासाहेबांनी निर्णय घेतला. सांगलीच्या पेठेतले मगनशेठ ट्रक घ्यायला तयार होते. मोडीच्या भावाने, पण तयार होते. आप्पासाहेबांनी हवालदारांना बोलावून घेतलं. टेबलावर तेलाचा एक डबा होता. त्याच्या तोंडावर कापड बांधून, दोरी आवळून, त्यावर लाखेचं सील केलेलं होतं. मामलेदार कचेरीतला शिक्का कुठून मिळाला असता, म्हणून स्वतःच्या अंगठीचा ठसा उमटवला होता.

“हवालदार,” ते म्हणाले, “उद्या गूळ घेऊन सांगलीला जा. निघताना तुम्हाला हवं तेवढं तेल भरा. हा डबा आमच्या कारकुनाच्या ताब्यात राहील. सांगलीत मी पुढे रेल्वेने जाऊन थांबतो आहे. सील शाबूत आलं, तर ट्रक राहील आणि तुम्हीही राहाल. सील तुटलं, तर मगनशेठ तिथेच आहेत.”

“जी, साहेब.”

“वाटेत दुसरं तेल विकत घेणार नाही, असा शब्द द्या.”

“दिला, साहेब.”

सांगलीपर्यंत एका भरण्यावर हा ट्रक कधीच गेला नव्हता. हे आप्पासाहेबांना ठाऊक असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. हवालदारांनी सलाम केला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “सुभेदार-मेजर कवा लढाईवर गेल्याला न्हाई, म्हून असली कलमं सुचत्यात.”

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आम्ही निघालो. मागे गुळाच्या ढेपा, त्यांवर ताडपत्री. पुढे हवालदार आणि मी. माझ्या दोन पायांमध्ये तो डबा. तेल खुणेवर होतं, किंबहुना खुणेच्या किंचित वर, कारण निघताना हवालदारांचा हात जरा सैल झाला होता. मागे धुराने रस्ता भरून गेला. थंडीत तो वर जात नव्हता, उसाच्या फडांवर बसून राहत होता.

मसूरला त्यांनी गाडी थांबवली आणि सळई काढली. तेल बोटभर खाली गेलं होतं. त्यांनी सळई परत घातली. कराडच्या अलीकडे पुन्हा थांबलो. आणखी खाली. कराड ओलांडल्यावर ते इतक्या वेळा थांबू लागले की मागून येणाऱ्या बैलगाड्या आम्हाला गाठून पुढे जात आणि गाडीवान मागे वळून हसत.

समोरच्या फळीवर काचेआड तेलाच्या दाबाचा काटा होता. तो सकाळपासून जिथे होता तिथेच होता. मी म्हटलं, “हवालदार, काटा तर ठीक दाखवतोय.”

“काटा?” ते म्हणाले. “काटा काचंआड बसून सांगतोय, भाऊसाहेब. बंगल्यातला सायेब त्यो. सळई सोता खाली जाती, बघती, वर येऊन सांगती. कुणावर इस्वास ठेवायचा?”

मी पुन्हा काट्याकडे बघितलं.

इस्लामपूर मागे पडल्यावर एका चिंचेखाली त्यांनी गाडी उभी केली. सळई काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. सळई कोरडी होती. टोकालाही तेल नव्हतं. त्यांनी ती उन्हात तिरपी धरून बघितली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं होतं.

“संपलं,” ते म्हणाले.

“सांगली आता फार लांब नाही.”

“ठाव हाय.”

“तसंच हळूहळू गेलं तर?”

“जाऊ. बघू.”

ते गाडीत चढले. पुढचा रस्ता मी विसरणार नाही. ते कान इंजिनाकडे लावून, मान वाकडी करून चालवत होते. थंडीतही कपाळावरून घाम गळत होता. खड्ड्यात चाक आदळलं की ते दचकत. कुठे पत्र्याचा खडखडाट झाला तरी पाय ब्रेकवर. माझ्याकडे एकदा बघितलं, मग माझ्या पायांतल्या डब्याकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. मी डब्यावर पाय घट्ट आवळले होते. त्यांच्यापासून तो राखण्यासाठी की त्यांच्यासाठी राखण्यासाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

कृष्णेवरचा पूल लांबून दिसायला लागला. पलीकडे सांगली. हवालदारांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“डबा द्या, भाऊसाहेब.”

“हवालदार, पूल ओलांडला की पेठच.”

“डबा द्या.”

“सील तुटलं तर काय होणार, ठाऊक आहे ना?”

“दादाच्या गोठ्यात शेण काढणार.” ते शांतपणे म्हणाले. “बसऱ्याला एका लान्सनाईकानं कोरडं इंजान चालवलं हुतं. सायबाची बोलणी बसतील म्हून थांबला न्हाई. आतलं समदं लोखंड येकमेकांत रुतलं. त्यो आवाज अजून माझ्या कानात हाय. मला ऱ्हायला मिळावं म्हून ह्येला मारू व्हय?”

“काटा अजून...”

“तुमी काट्याचं नाव काढू नका.”

मी डबा दिला. त्यांनी पकडीने लाख फोडली. आप्पासाहेबांच्या अंगठीचा ठसा दोन तुकडे होऊन रस्त्यावर पडला. सगळा डबा इंजिनात गेला. सळईवर तेल दिसू लागलं, खुणेच्या जवळ. ‘फुल’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही.

इंजिन सुरू झालं. गाडी पुलाच्या चढाला लागली आणि मागून एक सायकलवाला शिव्या देऊ लागला. मी वळून बघितलं. निळा धूर पुलाच्या कठड्यांमध्ये दाटून राहिला होता, त्यात सायकल आणि माणूस दोन्ही बुडाले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इस्लामपूर सोडल्यापासून मागे धूर नव्हता. नसलेली गोष्ट माणसाच्या ध्यानात येत नाही. ती परत आली की येते.

हवालदार आरशात बघत होते. त्यांनीही ते बघितलं असणार, कारण पूल संपेपर्यंत ते आरशातून डोळे काढेनात आणि समोरून येणारी एक बैलगाडी अगदी थोडक्यात वाचली.

पेठेत मगनशेठच्या आवारात आप्पासाहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते. शेजारी मगनशेठ, आणि शेठचा उस्मान मिस्त्री, ज्याला ट्रक दाखवायचा होता. आप्पासाहेबांनी मान वर करून आधी धूर बघितला आणि मग माझ्या हातातला रिकामा डबा.

“सील?”

“तुटलं,” मी म्हणालो.

“मी तोडलं, साहेब,” हवालदार म्हणाले.

“मग प्रश्न मिटला.”

“मिटला, साहेब. खरं त्याआधी मला खालचं तेल काढून बघायचंय. येवढं करू द्या.”

आप्पासाहेबांनी हात हलवला. उदार व्हायला ही वेळ सोयीची होती. हवालदार पाठीवर झोपून इंजिनाखाली सरकले. उस्मान मिस्त्रीने गंमत म्हणून तुपाचे रिकामे डबे आणून दिले. तेलाचं बूच सैल केलं आणि काळी धार सुरू झाली. एक डबा भरला. दुसरा लावला. तोही भरत आला. धार थांबेना. उस्मान आधी हसत होता, मग उकिडवा बसला, मग उभा राहिला.

“हवालदारसाब, किती घातलंत?”

खालून आवाज आला, “पुलाआधी येक डबा. त्या आधी कोरडं हुतं.”

“कोरडं?” उस्मानने भरलेल्या डब्यांकडे बोट दाखवलं. “हे काय, नदीतनं भरून आणलं?”

हवालदार बाहेर सरकले. तोंडावर तेलाचे ओघळ. डब्यांकडे बघत उभे राहिले.

उस्मानने बॉनेटखालून सळई ओढली, वर करून बघितली. “ही ह्या इंजिनाची न्हाई. आखूड हाय. खाली पोचतच न्हाई, तर तेल दिसणार कुठनं? तुमी वरच्या खुणेपर्यंत भरताय म्हंजे चेंबर गळ्यापर्यंत भरताय. आतला दांडा फिरला की तेल उडतंय, वर चढतंय, जळतंय. जादाचं तेवढं जळून संपलं की मग गप चालतंय.” आणि तो हसून म्हणाला, “तुमचं इंजिन तेल पीत न्हाई, साब. तुमी पाजताय.”

आवारातले हमाल हसले. मगनशेठही हसले.

हवालदारांनी सळई त्याच्या हातातून घेतली. रुमालाने पुसली. मला वाटलं, आता ते रागावतील, किंवा उस्मानला लान्सनाईक ठरवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. टोपी नीट केली, आप्पासाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन टाच जुळवली आणि पलटणीत गुन्हेगाराला साहेबापुढे उभं करतात तसे स्वतःच स्वतःला घेऊन उभे राहिले.

“साहेब. हवालदार ज्ञानू. सळई माझी. बसऱ्याची. दुसऱ्या इंजानाची सळई ह्या इंजानात घातली. इंजानात दोष नव्हता. रिंगांत नव्हता. तेल फुकट घातलं ते मी. दुसरा कोन गुन्हेगार न्हाई. साक्षीदार भाऊसाहेब.”

मी साक्षीदार होतो हे खरं होतं. रोज सकाळी.

आवारातलं हसू थांबलं. आप्पासाहेबांना यातलं यंत्र किती कळलं, मला शंका आहे. पण तेवढ्यात उस्मान मिस्त्री मगनशेठच्या कानाला लागला आणि शेठ एकदम उठून उभे राहिले.

“आप्पासाहेब, ठरल्यापेक्षा वर देतो. सौदा आत्ताच करून टाकू.”

आप्पासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. कुणाचा तरी उतावीळपणा दिसला की त्याचा कागद दाबून ठेवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

“का बरं?” त्यांनी विचारलं.

“तसं काही नाही. म्हटलं, लांबून आलात, हात हलवत कशाला जायचं?”

“अजून वर द्याल?”

“देऊ की.”

“मग नाही विकायचा,” आप्पासाहेब म्हणाले. “सोसायटीच्या मालमत्तेचा निर्णय असा उभ्या उभ्या होत नसतो.”

ट्रक असा वाचला. हवालदारांच्या कबुलीने की शेठच्या घाईने, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मी तिथे होतो आणि मला हवालदार तेवढे दिसत होते. ते टाच जुळवून तसेच उभे होते. त्यांना कुणीतरी ‘जा’ म्हणायला हवं होतं आणि ते कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, “हवालदार, गूळ उतरवायचा आहे.” मग ते हलले.

उस्मानने दुसऱ्या दिवशी नेमकं लागतं तेवढंच तेल परत भरलं आणि लोखंडी गजाची नवी सळई ठोकून दिली. खूण करायला कानस त्याने हवालदारांच्या हातात दिली. बसऱ्याची सळई हवालदारांनी फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवली. परतीच्या वाटेवर आप्पासाहेब आमच्याबरोबर पुढेच बसले. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. मागे धूळ होती, धूर नव्हता. मसूरच्या आसपास आप्पासाहेब म्हणाले, “सील लावल्याशिवाय माणसांना शिस्त लागत नाही. मी हे आयुष्यभर पाहत आलो आहे.”

“व्हय, साहेब,” हवालदार म्हणाले. उपरोधाने नव्हे. ते मनाने फार थकले होते.

पुढच्या बाजारी सखारामदादा आले, ट्रकाच्या मागे जाऊन उभे राहिले, वाकून नळीचा वास घेतला.

“धूर कुठं गेला रं?”

“गेला, दादा.”

“मग आता नांगराला कोन?”

“दुसरा माणूस बघ.”

दादांनी मान डोलावली आणि जाताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, “येतो, हवालदार” म्हणाले. मी ते ऐकलं. हवालदारांनी ऐकल्याचं दाखवलं नाही. ते समोरच्या फळीवरच्या काचा पुसत होते.

काचा पुसायची ही सवय नवी होती. माणसाने एका गोष्टीवरचा विश्वास काढून घेतला की तो कुठेतरी ठेवावा लागतो. फर्स्ट परेड चालू राहिली, पण तिचं दैवत बदललं. बॉनेट आता घाईने उघडलं आणि मिटलं जायचं. मग हवालदार आत बसून प्रत्येक काट्यापुढे क्षणभर थांबायचे.

“सांगलीपातूर त्यो बिचारा खरं सांगत हुता,” ते म्हणायचे. “आन मी त्येला बंगल्यातला सायेब म्हनालो. लय वाईट वाटतंय, भाऊसाहेब.”

पुढे मला साताऱ्याला नोकरी लागली. जायच्या दिवशी हवालदार म्हणाले, सामान बैलगाडीतून जाणं बरं दिसत नाही, मीच स्टेशनावर सोडतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि मी, एवढ्यासाठी ट्रक निघाला. त्यांनी नवी टोपी घातली होती. गावाबाहेर अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं, आणखी एकदा खोकलं आणि बंद पडलं.

हवालदारांनी समोरची काच बघितली. सगळे काटे एकेक करून बघितले. मग बाही सरसावून खाली उतरले आणि बॉनेट उघडलं.

मी म्हटलं, “टाकीत काठी घालून डिझेल किती आहे ते तरी बघा.”

“काठीवर आता माझा इस्वास न्हाई, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “डिझेल हाय. काटा अर्ध्यावर हाय. बिघाड दुसराच हाय. तुमी व्हा म्होरं, गाडी चुकंल.”

मी एका बैलगाडीवर सामान टाकलं आणि स्टेशन गाठलं. रेल्वे त्या रस्त्याला समांतर थोडी धावते. डब्याच्या खिडकीतून मला ट्रक दिसला. रस्त्यावर पोतं अंथरून हवालदारांनी डिझेलचा पंप सुटा करून ओळीने मांडला होता, आणि जमलेल्या माणसांना ते त्यातला एकेक भाग हातात धरून समजावून सांगत होते. रेल्वे बघून ते ताठ उभे राहिले आणि तिला सलाम केला.

डिझेलचा तो काटा ट्रक लिलावातून आणला त्या दिवशीही अर्ध्यावरच होता.